स्टिक खाली ठेवताना: ज्यांचे आभार मानायचे राहून जातात

राईटहाफ (धागाकर्ती)

मंडळी, यंदापासून मी स्पर्धेतली हॉकी थांबवली. गुडघ्यातली गादी झिजली आहे आणि राईट हाफला, म्हणजे उजव्या बाजूच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला, जागेवर उभं राहून खेळता येत नाही. भारताच्या संघात मी कधी नव्हते, त्यामुळे पेपरात बातमी येणार नाही. शाळा, जिल्हा, विद्यापीठ, राज्य, आणि मग खेळाडू कोट्यातून लागलेल्या नोकरीमुळे खात्याचा संघ, एवढीच मजल. पण तेवढ्यावर घर उभं राहिलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं.

खेळाडू थांबला की आभारांची एक ठरलेली यादी वाचली जाते: आईवडील, गुरुजन, परमेश्वर, चाहते. चाहते मला नव्हतेच, म्हणजे यादी तशीही आखूड. भारताचा गोलकीपर श्रीजेश २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेऊन थांबला तेव्हा हॉकी इंडियानं त्याची १६ नंबरची जर्सीच निवृत्त केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात महिला संघाची माजी कर्णधार राणी रामपाल थांबली, तिची २८ नंबरची. माझी जर्सी पुढच्या स्पर्धेला दुसऱ्या मुलीच्या अंगावर असेल. असू दे, कापड अजून चांगलं आहे.

तर यादीत न बसणारी माणसं इथे लिहिते.

पहिले आमच्या भुसावळच्या शाळेतले फक्की मारणारे, म्हणजे चुन्यानं मैदान आखणारे मामा. हॉकीचं नियमाचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आमचं तेवढं नव्हतं, एका कोपऱ्यात कडुनिंब आत आलेला, काळ्या मातीला मार्चपासूनच भेगा. पण 'डी', म्हणजे गोलसमोरचा आखलेला भाग, मात्र चोख. ती नुसती अर्धगोल नसते. गोलच्या दोन्ही खांबांपासून १४.६३ मीटरची दोन पाव-वर्तुळं आणि मध्ये त्यांना जोडणारी ३.६६ मीटरची सरळ रेघ. हे मला फार पुढे पंचांच्या वर्गात कळलं. मामा खांबाशी खिळा ठोकून, दोरी ताणून ते आधीपासून काढत होते. त्यांना ते कुणी शिकवलं, विचारायचं सुचलं नाही. त्या वयात मैदान आपोआप आखलेलंच असतं. सामना मात्र त्यांनी कधी शेवटपर्यंत पाहिला नाही. मध्यंतराला ते पाण्याची टाकी भरायला जात आणि तिकडचेच होत.

दुसरे शेजारचे काका, रावेरकडे केळीची बाग असलेले. स्पर्धेला निघालो की बाग कुठल्या अवस्थेत आहे याची पर्वा न करता फण्या पाठवायचे. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये सीटखाली स्टिकांचा गठ्ठा, वर केळी, आणि आईच्या दशम्या. डब्यात कुणी ना कुणी विचारायचंच, मुली कुठल्या शाळेच्या, काठ्या कशाला?

तिसरे एक प्रशिक्षक, जे आमचे नव्हतेच. टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, आम्ही पहिल्यांदा पुण्यात बालेवाडीला पाहिलं. सामन्याआधी त्यावर पाणी मारतात, नाहीतर चेंडू अडखळतो आणि पडलं की कातडी सोलवटते. फवारे सुरू झाले तशी आमच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "अगं, आपल्या गल्लीचं आठवड्याचं पाणी गेलं हे!" मग सामना झाला आणि आमचं भरीत झालं. मातीवर चेंडू उसळणार हे गृहीत धरूनच आम्ही स्टिक लावायचो. टर्फवर तो उसळत नाही, सरळ येतो, आणि आपण स्टिक टेकवेपर्यंत पुढे निघून गेलेला असतो. सामना संपल्यावर समोरच्या संघाचे सर आमच्याकडे आले. आम्हाला वाटलं, सांत्वन करतील. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि गुडघे वाकवून, स्टिक जमिनीला आडवी टाकून चेंडू कसा अडवायचा ते अंधार पडेपर्यंत घोटून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्याशी त्यांचा सामना नव्हता, पण त्यांच्याच गटात आम्ही होतो. शिकवलं नसतं तर त्यांचंच बरं झालं असतं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. विद्यापीठात माझ्याच जागेवर खेळणारी एक मुलगी होती. हिट तिची माझ्यापेक्षा जोरकस, धाव माझी बरी. निवड माझी व्हायची, ती राखीव. सरावात सर तिला समोरच्या बाजूनं लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारी, म्हणून खेळवत, म्हणजे रोज संध्याकाळी मला तिलाच अडवायचं. राईट हाफ म्हणून मी जी काही घडले ती तिला अडवता अडवता. त्या वर्षांच्या प्रमाणपत्रांवर मला नोकरी लागली. प्रमाणपत्र तिलाही मिळालं होतं, पण राज्याच्या निवडीला खेळलेले सामने विचारतात. ती पुढे लग्न होऊन शिरपूरला गेली.

तिचे आभार मानायचे तर कुठल्या तोंडानं? "तू बाहेर बसलीस म्हणून मी आत खेळले" असं म्हणायचं? तुमच्यापैकी जे खेळलेत, त्यांच्याकडे असं कुणी आहे का? काय केलंत?


केळीवाला

फण्या? निदान एक घड तरी द्यायचा होता काकांनी. रावेरकरांची मान खाली गेली.

बाकी लेख एक नंबर. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. पु. ले. शु. (पुढील लेखनास शुभेच्छा).


बुली७५

ताई, मी निवृत्त लोको पायलट, भुसावळचाच. आमच्या पोरवयात इथे ड्रायव्हर-गार्डांत अँग्लो-इंडियन मंडळी पुष्कळ. संध्याकाळी त्यांची हॉकी रंगायची आणि आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर. चेंडू बाहेर आला की पळत जाऊन परत द्यायचा, तेवढंच आमचं खेळणं. एका गार्डसाहेबांनी मला चिरलेली स्टिक दिली. तेव्हा स्टिका तुतीच्या लाकडाच्या. वडिलांनी तिला सुतळी गुंडाळून सरस लावला. गंमत अशी की स्टिक दोन इंची कड्यातून आरपार गेली पाहिजे असा नियम, आणि माझी सुतळीपाशी अडायची. पंच हसायचे, खेळू द्यायचे.

सामना तेव्हा बुलीनं सुरू व्हायचा: जमिनीला टेकव, समोरच्याच्या स्टिकला टेकव, असं तीनदा, मग चेंडू. आता मधून सरळ पास. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव गेले, पंधरा-पंधराचे चार आले. चांगलं झालं की वाईट, यावर मी वेगळा धागा काढीन.

१५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला २-१ नं हरवून विश्वचषक घेतला. ते समालोचन आम्ही त्या गार्डसाहेबांच्या ओट्यावर बसून ऐकलं. अशोककुमारचा गोल झाला, तो धरायचा की नाही यावर पाकिस्तानचे खेळाडू हुज्जत घालत होते, आणि साहेब रेडिओलाच ओरडून सांगत होते, "गोल है, गोल है." पुढे ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. पत्ता नाही, फोटो नाही. विचारलंत म्हणून सांगतो, मी काहीच केलं नाही. समोर माणूस असेल तर आभार. तुमची मैत्रीण शिरपूरला आहे, ऑस्ट्रेलियाला नाही.


उलट_प्रश्न

लेखन आवडलं, पण एक खटकतं. आपल्याकडे खेळाडू थांबला की त्यानं हात जोडायचे असा रिवाज आहे. कधी कुणी हिशेब मागत नाही. भेगाळलेलं मैदान, कपडे बदलायला खोली नाही, प्रवासात मुलींसोबत बाई शिक्षिका असेलच याची खात्री नाही, आणि शेवटी आभार कुणी मानायचे, तर खेळाडूनं! शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ती कुणाची मेहरबानी नाही.

श्रीजेशच्या वडिलांनी त्याच्या पॅडसाठी गाय विकली, ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो. राणीच्या अकादमीत रोज अर्धा लिटर दूध आणायला सांगत, घरी तेवढं परवडायचं नाही म्हणून ती पाणी मिसळून न्यायची, तीही गोष्ट. मला त्यात कौतुक कमी आणि राग जास्त येतो. पॅड घ्यायला गाय का विकावी लागावी? कृतज्ञतेच्या या गोष्टी जितक्या गोड, तितकं व्यवस्थेचं फावतं.

तुमचे मामा रोज डी काढायचे. छान. त्यांना त्याचे पैसे मिळायचे का?


धुळ्याना_आप्पा

बहीण, तुनं लिखेल वाचं नि डोयास्मा पानी उनं. आमनी शायमा बी व्हती हॉकी, आते कोनी खेयत नही. तू आमनी खान्देशनी पोर शे, माले तुना अभिमान शे.


सांधे_आणि_स्नायू

अवांतर: गुडघा दुखतो म्हणून सगळं एकदम बंद करू नका, हे खेळ थांबवणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मांडीचे स्नायू सैल पडले की सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणं वाढतं. पोहणं किंवा सायकल, आणि मांडीचे व्यायाम फिजिओला विचारून चालू ठेवा. आणि जेवण कमी करा! खेळाडूची भूक खेळ सुटल्यावरही बराच काळ तशीच राहते. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी समोर असताना हे ऐकणं अवघड आहे, कल्पना आहे.


राईटहाफ

@केळीवाला, घड देत होते हो, आम्हालाच उचलवेना.

@बुली७५ काका, वेगळा धागा नक्की काढा. सुतळीवाली स्टिक अजून आहे का?

@सांधे_आणि_स्नायू, सायकल सुरू केली आहे. शेवभाजीबद्दल आपण बोलू नये.

@उलट_प्रश्न, तुमचा राग मला पटतो. म्हणूनच वरच्या यादीत मी नोकरीचे, कोट्याचे, स्पर्धा भत्त्याचे आभार मानलेले नाहीत. ते मी खेळून मिळवलं. पण बालेवाडीच्या त्या सरांवर माझा काय हक्क होता? समोरच्या संघाच्या मुलींना शिकवणं कुठल्या कागदावर त्यांचं काम होतं? जे मला मिळायलाच हवं होतं त्याचा हिशेब मागू, तुम्ही लिहा, मी सही करते. जे कुणी देणं लागत नसताना दिलं, ते त्या हिशेबात घालता येत नाही. दोन वह्या वेगळ्या ठेवाव्या लागतात.

मामांचं म्हणाल तर ते शाळेचे शिपाई होते, पगार होता. फक्की मारणं त्यांच्या कामात धरत होते की नाही ते मी चौकशी करून सांगते. प्रश्न रास्त आहे.


कायम_राखीव

नेहमी फक्त वाचतो, आज लिहितो. चोपड्याचा आहे. मी गोलकीपर होतो, संघातला दुसरा. बाकीच्या राखीव खेळाडूंना निदान आशा असते. हॉकीत अदलाबदलीला मर्यादा नाही, दोन-चार मिनिटांत कुणी ना कुणी आत-बाहेर होतच असतं. गोलकीपर मात्र सहसा बदलत नाही. पहिल्याला दुखापत झाली किंवा सामना हातातून गेला तरच दुसऱ्याची आठवण. म्हणजे आपल्या मित्राला लागावं किंवा आपला संघ हरावा, यापैकी काहीतरी मनात आणल्याशिवाय खेळायचं स्वप्नही बघता येत नाही. पॅड, किकर, चेस्ट गार्ड, हेल्मेट सगळं चढवून वॉर्मअपला त्याच्यावर चेंडू मारायचे आणि मग घामेजून बाकावर बसायचं.

तो थांबला तेव्हा त्याच्या सत्काराला मी गेलो. त्यानं माईकवर माझं नाव घेतलं. "तो रोज माझ्याबरोबर राबला, त्याच्यामुळे मी." टाळ्या झाल्या. लोक वळून वळून माझ्याकडे बघत होते. खरं सांगू? मला जमिनीनं गिळावं असं झालं. त्याचा हेतू चांगला होता, पण त्या क्षणी मी सगळ्या गावासमोर अधिकृतपणे राखीव झालो.

मला काय हवं होतं, ते सांगतो. राखीव माणसाला खेळ आठवून दुःख होत असेल असं समजून माझ्यासमोर कुणी हॉकीचा विषयच काढत नाही. संघातले जुने मित्र भेटले की माझ्याशी पोरांच्या शाळा आणि कापसाचा भाव. अरे, मी बाकावरून प्रत्येक सामना पाहिलाय! आत खेळणाऱ्याला चेंडूच्या आसपासचं दिसतं, मला सगळं दिसायचं. कुठला पेनल्टी कॉर्नर का वाया गेला, पुढे धावणारा पहिला रशर कुठल्या बाजूनं सुटला, आजही सांगेन. विचारतच नाही कुणी.

ताई, तुमच्या मैत्रिणीचे आभार मानू नका. तिला फोन करा आणि एखाद्या सामन्याचं विचारा.


उलट_प्रश्न

@राईटहाफ, दोन वह्या मान्य. पहिली वही भरायला घेऊ, वेगळा धागा काढतो.

@कायम_राखीव, तुमच्या प्रतिसादावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडून त्या पेनल्टी कॉर्नरबद्दल मात्र ऐकायचं आहे.


हिरवा_मफलर

वाखुसा (वाचनखूण साठवली). हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, तरी दोनदा वाचला धागा. रशर म्हणजे काय, कुणी सांगेल का?


कायम_राखीव

@हिरवा_मफलर, पेनल्टी कॉर्नरला बचावाला गोलकीपर धरून पाचच जण गोलरेषेमागे असतात, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. चेंडू आत ढकलला गेला की त्यातला एक जण थेट फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर धावत जातो, कोन बंद करायला. तो रशर. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे वेगानं येऊ शकतो आणि हा त्याच्या दिशेनं पळतो. आता चेहऱ्याला मुखवटा आणि गुडघ्याला पॅड असतात. आमच्या वेळी हनुमानाचं नाव.


राईटहाफ

काल रात्री तिला फोन केला. आभार मानले नाहीत. विद्यापीठाचा तो उपांत्य सामना काढला, बरोबरीत सुटून आम्ही शूटआऊटवर हरलो तो. म्हटलं, तुला काय दिसलं होतं बाकावरून?

तिनं एका दमात सांगितलं. शेवटच्या पंधरा मिनिटांत मी उजवीकडून परत यायला उशीर करत होते, त्यांच्या लेफ्ट आऊटला ते कळलं होतं, आणि त्यांचा बरोबरीचा गोल तिथूनच झाला. "मी सरांकडे बघत होते. पाय मोकळे करून उभी होते. त्यांनी बघितलंच नाही." मग म्हणाली, "राखीव बसले त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? तुला नोकरी लागली त्याचं नाही वाटलं. पण ती पंधरा मिनिटं अजून सलतात. ती माझी होती."

मी यावर काही बोलले नाही. तीच पुढे बोलत राहिली, आणि मग आम्ही हॉकीवर इतका वेळ बोललो की तिच्या सासूबाई येऊन बघून गेल्या म्हणे. तिला हा धागाही पाठवला. राखीव दादांचा प्रतिसाद वाचून तिनं फक्त "बरोबर" एवढंच लिहून पाठवलं.

आणि हो, मामांची चौकशी केली. फक्की मारणं त्यांच्या कामात नव्हतं. चुना शाळेचा, वेळ त्यांचा. @उलट_प्रश्न, ही नोंद पहिल्या वहीत घ्या. दुसऱ्या वहीत मी घेतली आहे.


मास्तर_शहादा

धागा वाचून धीर करतो. मी शहाद्याकडच्या एका गावात शिक्षक आहे. आमच्या मुली पळायला वाऱ्यासारख्या. मैदान आहे, ऊन पण भरपूर आहे. यंदा हॉकी सुरू करायची म्हणतोय, पण स्टिका नाहीत. सध्या बाभळीच्या वाकड्या काठ्या आणि जुना टेनिसचा चेंडू. कुणाकडे वापरलेल्या स्टिका पडून असतील तर द्याल का? पाचवी ते सातवीच्या मुली आहेत. आणि लहान मुलींना किती लांबीची स्टिक लागते, तेही सांगा.


राईटहाफ

सर, माझ्याकडच्या सगळ्या देते. पण त्या ३६.५ इंची आहेत, तुमच्या मुलींना लांब पडतील. मुलगी सरळ उभी केली की स्टिकचं टोक तिच्या कमरेच्या हाडापाशी यायला हवं, साधारण असं बघतात. पाचवीच्या मुलींना ३२ ते ३४ इंची शोधा. कार्बनच्या महागड्या नकोत, लाकडी किंवा फायबरच्या चालतील. आणि चेंडू आधी टेनिसचाच ठेवा. खरा १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, शिनपॅड नसताना नडगीवर बसला तर मुली दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. एखादी डावखुरी असली तरी स्टिक तीच. हॉकीत डावी स्टिक नसते, चपट्या बाजूनंच खेळायचं. सुरुवातीला ती रडकुंडीला येईल, महिन्यात जमतं.


बुली७५

सुतळीवाली स्टिक आहे. देणार नाही. दुसऱ्या दोन लाकडी आहेत, त्या पाठवतो.


कायम_राखीव

मास्तर, तुम्हाला गोलकीपरही लागेल. माझे पॅड माळ्यावर आहेत, उंदरांनी एका बाजूनं कुरतडलेत पण फोम शाबूत आहे. लहान मुलीला मोठे होतील, पट्टे मी आखडून घेतो इथल्या चांभाराकडून. ताई, तुम्ही भुसावळहून यावलमार्गे येणार असाल तर चोपड्याला स्टँडवर थांबतो.


राईटहाफ

येते. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघते. चोपड्याला तुम्ही चढा, शिरपूरला ती चढणार आहे. तिनं एकच अट घातली आहे: तिथल्या मुलींना ती लेफ्ट आऊट शिकवणार, राईट हाफ तिला कधी आवडलंच नव्हतं म्हणे. हे मला आत्ता कळतंय! @मास्तर_शहादा, शिनपॅड नसतील तर पुठ्ठे आणि जुने मोजे गोळा करून ठेवा, आणि दुपारचं ऊन टाळा, चारनंतर मुलींना बोलवा.


मास्तर_शहादा

पुठ्ठे आजच सांगतो. मोजे मुलींकडे नसतात, बघतो काही. कुरतडलेले पॅड चालतील, गोलला उभी राहणारी मुलगी मी हेरून ठेवली आहे. कबड्डीत कुणाला हलत नाही.